खोपटं शाबूत आहे, फक्त पलीकडे आहे

ती. स्व. दादास,

धाकट्या सिग्नेचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. कंबर आता बरी आहे.) ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे खूश असतील, मार्लिस वहिनींचा खोकला गेला असेल आणि शेजारचा गोल्फवाला तुला अजून जिंकू देत असेल, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. तुझ्या घराचे पाइप गोठले नाहीत, गाडीची बॅटरी चार्ज करून ठेवली आहे, आणि गोठलेल्या तळ्यावरचं तुझं मासेमारीचं खोपटंही शाबूत आहे. ते कुठे आहे हे ओघाने येईलच, पण शाबूत आहे, एवढं पत्र संपेपर्यंत डोक्यात ठेव.

दादा, असा हिवाळा मी जन्मात पाहिला नाही, आणि हे लिहितानाही मी खुर्चीवर नीट टेकलेली नाही. सुरुवात व्हर्नापासून करते. आपलं वाचनालय सांभाळणाऱ्या व्हर्नाला नाताळच्या तोंडावर जिल्ह्याच्या ऑफिसातून निरोप आला की हवामानाच्या पुस्तकांचं कपाट कुणी उघडत नाही, वसंतात समितीची बैठक होईल, तोवर वाचक दिसले नाहीत तर पुस्तकं उचलून नेऊ आणि तिथे चित्रांची कोडी ठेवू. ते कपाट तिने एकेक पुस्तक निवडून भरलंय. ढग कसे ओळखायचे, वादळं गोल का फिरतात, समुद्र का चढतोय, सगळं तुमच्याआमच्या भाषेत. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. नवऱ्याच्या मयतीला आलेल्यांना स्वतः सँडविच वाढणारी व्हर्ना रडली, मग मी काय करणार? म्हटलं, डोळे पूस, वाचक मी आणते.

म्हटल्यावर आधी आपण एखादं वाचावं म्हणून ढगांचं पुस्तक घरी नेलं. मी जन्मभर शाळेची बस चालवली. हवामान म्हणजे काच पुसायची की खरवडायची, एवढाच माझा अभ्यास. पण पुस्तक उघडलं आणि चुलीवरचं बटाट्याचं सूप करपलं. तो कापसासारखा दिसणारा ढग शेकडो टन वजनाचा असतो, दादा, आणि आपण खुशाल त्याच्याखाली कपडे वाळत घालतो. तेव्हापासून मी दुकानाबाहेर मान वर करून उभी असते. (औषधवाल्या मुलीने मानेला लावायचं मलमही देऊ केलं.) ढग संपले तशी वादळं वाचली, वादळांवरून समुद्रावर गेले, आणि समुद्रावरून आपल्या हिवाळ्यांवर. पुस्तक खाली ठेववेना.

आता वाचक आणायचे कुठून? हिवाळ्यात गावात असतं कोण, सगळे तळ्यावर, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेले. तेव्हा पुस्तकं तळ्यावर न्यायची, असं मला सुचलं, आणि तळ्यावर शेगडी, बाक आणि खिडकी असलेलं खोपटं एकच. तू जाताना म्हणाला होतास की माझ्या खोपट्यात कुणी मासे पकडता कामा नयेत. तुझा शब्द मी पाळला. एकानेही गळ टाकला नाही.

पहिल्या दिवशी मी, व्हर्ना आणि तुझा मासेमारीचा जोडीदार ओडेल. ओडेल कॉफीसाठी आणि माझ्या लिंबाच्या वड्यांसाठी आला, हे त्याने दारातच सांगितलं. वर म्हणाला, "माझा आजा या तळ्यावर काकडला, बाप काकडला, मी काकडतोय. कुठं बदललंय तुमचं हवामान?" व्हर्ना म्हणाली, "काकडत राहा, पण दार लाव." पण पुढच्या खेपेला तो आपण होऊन आला, त्याच्या पुढच्या खेपेला मेव्हण्याला घेऊन आला, आणि फेब्रुवारीत लोक बाकावर मावेनात. मोठ्याने वाचन, मग भांडण, मग वड्या. समुद्राच्या प्रकरणावर ओडेल इतका तापला की शेगडीत लाकूड घालावं लागलं नाही. घरी न्यायलाही पुस्तकं मागू लागला, फक्त म्हणाला, "माझं नाव कुठं लागता कामा नये. गावात तोंड दाखवायचंय मला." तेच सगळ्यांचं. (ती अडचण मी सोडवली. कशी, ते पुढे.)

आणि मग तो मार्चमधला दुपारचा वर्ग. प्रकरण होतं तळ्यांचं: आता बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो, पूर्वीच्या भरवशावर राहू नका. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलंसुद्धा, मग हे खोपटं ओढून काठाला न्यायचं का? ओडेल म्हणाला, "बर्फावरून खोपटी काढायची सरकारी तारीख अजून लांब आहे." आणि मांडीवर ते पुस्तक घेऊन बसलेले आम्ही सगळे म्हणालो, हो की, तारीख लांब आहे. दादा, पटलं होतं रे आम्हाला, अगदी मनापासून पटलं होतं. पण ते आम्हाला दुसऱ्या कुणाच्या तरी तळ्याबद्दल वाटत होतं.

थोड्या वेळाने माझ्या बुटात पाणी आलं. व्हर्ना वाचत होती, मध्येच कसं बोलायचं? मी पाय वर घेतले. समोर पाहिलं तर ओडेलचेही पाय वर, त्याच्या मेव्हण्याचेही, आणि जो तो खिडकीतून बाहेर पाहतोय. खाली बर्फ असा गरजला की कप वाजले. "छान वाचतेस हं," ओडेल व्हर्नाला म्हणाला. टेबलावर शेवटची वडी उरली होती, आणि शेवटची घ्यायची कुणी या संकोचात तिचे अर्धे, अर्ध्याचे अर्धे, त्याचेही अर्धे असे तुकडे करून झाले होते. तो उरलेला तुकडा ताटलीसकट हळूहळू ओडेलच्या बाजूला घसरत गेला. तेव्हा कुठे व्हर्नाने पान दुमडलं आणि म्हणाली, "बरं तर मग."

"बरं तर मग" म्हटल्यावर आपल्याकडे निघायला किती वेळ लागतो, तुला सांगायला नको. दारात उभं राहून ओडेलच्या सुनेची तब्येत झाली, चर्चमधल्या जेवणाचं झालं, आधी तुम्ही, छे छे आधी तुम्ही, हेही झालं. सगळे काठाला सुखरूप पोचलो, घोट्यापर्यंत भिजून. पुस्तकं मात्र खोपट्यात राहिली, परत जाऊन आणणं म्हणजे घाबरलो असं दिसलं असतं ना.

सकाळी अख्खं गाव कॉफी घेऊन काठावर. रात्रीच्या वाऱ्याने बर्फ सुटला होता आणि तुझं खोपटं एका लादीवर बसून डौलात पलीकडे चाललं होतं. (दृश्य सुंदर होतं, खोटं कशाला बोलू.) पलीकडच्या लव्हाळ्यात ते अडकलं आणि थोडं कलून उभं राहिलं. ओडेल म्हणाला, मी होडी घालतो, टोरवाल्डचे, म्हणजे तुझे, गळ तरी वाचवतो. दुपार झाली तरी परत येईना. दुर्बिणीतून पाहिलं तर तिरक्या बाकावर पाय रोवून स्वारी ते तळ्याचं प्रकरण वाचून पुरं करत होती. परत येताना होडीत सगळी पुस्तकं होती, कोरडी. गळ तिथेच राहिले. वडीचा तुकडाही आणला होता, पण निम्मा.

तर दादा, तळं मोकळं झालं. तळं मोकळं झालं की तू घरी येतोस. यंदा तू फार लवकर येशील, याचा मला आनंद झाला, आणि तळ्याचं प्रकरण आठवून त्या आनंदाची लाजही वाटली. दोन्ही एकदम वाटतं, त्याला काय करू? वहिनींना नमस्कार, गोल्फवाल्यावर दया कर.

तुझी,
सिग्ने

ता. क. : ती नावाची अडचण. तुझं वाचनालयाचं कार्ड टेबलाच्या खणात नुसतंच पडलं होतं. आम्ही सगळ्यांनी हिवाळाभर पुस्तकं त्याच्यावर नेली. तू इथे नव्हतास, तेव्हा तुला तोंड दाखवायचा प्रश्न नव्हता.

आणखी एक : त्यामुळे जिल्ह्याच्या ऑफिसात हवामानाचा सर्वांत मोठा वाचक म्हणून तुझं नाव लागलं आहे. मंडळी थक्क आहेत. समितीच्या बैठकीत त्यांना तुझ्याच तोंडून ऐकायचंय की हे कपाट का राहावं. तू बोललास तर राहील, नाही तर तिथे कोडी येतील. व्हर्नाने तुझ्यासाठी खुर्ची मांडलीसुद्धा. (हवामान बदलतंय हे सगळं थोतांड आहे, हे तुझं नेहमीचं भाषण तिथे नको.) बैठक पुढच्याच आठवड्यात आहे, म्हणून या पत्रासोबत पुस्तक पाठवते आहे.

शेवटचं : पहिला प्रश्न ओडेल विचारणार आहे. त्याने सगळं कपाट वाचलंय आणि त्याला तुझ्याशी वाद घालायचाय. विमानात झोपू नकोस.