पालथं पातेलं

तीर्थरूप आई, इतक्या लांबून वाकून नमस्कार.

छावणीच्या स्वयंपाकघरात मी मजेत आहे. धान्याची गाडी अधूनमधून अडते, पण येते.

घरंदारं सुटून इथं आलेल्या बायकांनी परवा रांगेत उभं राहायलाच नकार दिला. म्हणाल्या, "शिजवलेलं नको, कोरडा शिधा द्या. आमच्या चुली आम्ही पेटवू."

आज तंबूतंबूपुढे चुली पेटल्या. कुणाचं मीठ जास्त, यावरून भांडणंही रंगली. माझं मोठं पातेलं पालथं पडलं आणि मी चक्क बेकार झाले.

तेवढ्यात एका आजींनी हाक मारली, "जेवलीस का गं? किती वाळलीस." तू मनावर घेऊ नकोस, आज्यांना सगळेच वाळलेले दिसतात. रोज मी त्यांना वाढायचे, आज त्यांनी मला वाढलं, नको म्हटलं तरी दोनदा.

बाबांचा खोकला कसा आहे?

आजींच्या घरी पोटभर जेवलेली,
तुझी धाकटी