हृदयाच्या यंत्राला कुलूप

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
कै. भागीरथीबाई घाणेकर बाल रुग्णालय,
मुलुंड (पूर्व), मुंबई.

विषय : अतिदक्षता विभागाशेजारच्या बंद खोलीची चावी तातडीने मिळणेबाबत.
संदर्भ : आज सकाळी दहा वाजता आपण मला दालनाबाहेर काढलेत, ते.

महोदय,

१. मी दत्ताराम सोनू परब, राहणार भांडुप, कोनशिला कोरणारा. माझी नात श्रुतिका, वय सात, हिच्या हृदयाला तापानंतर सूज आली आहे. डॉ. गार्गी यांचे म्हणणे असे की, तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे काम आठवडाभर यंत्राने केले, तर सूज उतरून हृदय पुन्हा चालू शकेल. म्हणजे हृदयाला फक्त रजा हवी आहे. रजेचे महत्त्व आपल्या कार्यालयाला मी काय सांगावे.

२. ते यंत्र तिच्या खाटेपासून वीस पावलांवर आहे. चाचणी झाली, चालवणारे शिकून आले. तरी तीन महिने कुलूप, कारण उद्घाटन व्हायचे आहे. उद्घाटन इतके दिवस अडले कोनशिलेवर, आणि ती कोरतो मी. आधी आमदारांचे नाव वर होते, मग खासदारांचे वर गेले. तिसऱ्या दगडात आपण स्वतःचे नाव घुसवलेत, तेही दोघांपेक्षा ठळक. मी मुकाट्याने तिन्ही कोरले, याची आज लाज वाटते.

३. सकाळी मी हात जोडले. आपण चहाचा घोट घेत म्हणालात, "आजोबा, पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत जरा कळ काढा." कळ मी काढीन. श्रुतिकाचे ओठ निळे पडले आहेत, तिला हे आपणच वर येऊन सांगावे. आपल्या छातीत अशी सूज कधी यायची नाही. सुजायला तिथे काही असावे लागते.

४. इतके लिहून होते तोच डॉ. गार्गी धावत आल्या. हृदय बंद पडू लागले होते. अर्ज बाजूला ठेवून मी पिशवीतल्या छिन्नी-हातोड्याने कुलूप तोडले. तीन घाव लागले. यंत्र ओढायला श्रुतिकाची आई जान्हवी आली. आता दुपारचे दोन. नळ्या जोडल्या आहेत, पोरीचे रक्त यंत्रातून फिरते आहे, ओठांना थोडा रंग आला आहे. पुढचे डॉक्टरही सांगत नाहीत. मला फार भीती वाटते.

५. सबब चावीची विनंती मागे घेत आहे. विनाउद्घाटन यंत्र सुरू झाल्याबद्दल हरकत असल्यास, कृपया वर येऊन ते आपल्या शुभहस्ते बंद करावे. जान्हवी खाटेशेजारीच बसली आहे.

आपला, पण नम्र नव्हे,
दत्ताराम सोनू परब
दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत : तुटलेले कुलूप, नग एक.