ताऱ्याच्या तेजाचे दुसरे टोक उतरेपर्यंत घुमटाचा रंग थांबविण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
वेधशाळा कार्यालय,
टेकडीच्या पायथ्याची इमारत, पहिला मजला.

विषय : घुमटातील परांची आज सूर्यास्तापूर्वी उतरविण्यास परवानगी मिळणेबाबत, कारण एक तारा कुंपणात शिरला असून अद्याप बाहेर पडलेला नाही.

संदर्भ : आपले परवाचे पत्र, ‘ताऱ्याचे तेज उतरल्याने निरीक्षण पूर्ण झाले असे समजून घुमट रंगकामासाठी बंद ठेवणे’.

महोदय,

सविनय सादर करते की, मी या वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीवर निरीक्षक म्हणून काम करते. आज सकाळी घुमटात आले तेव्हा दुर्बिणीला डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिक पांघरलेले होते. घुमटाच्या ज्या फटीतून आकाश दिसते तिच्यासमोर परांची उभी होती आणि वरच्या फळीवर रंगारीकाका चहा पीत बसले होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवून मला सांगितले की हळू बोला ताई, आत्ताच निजवली आहे हिला. त्यानंतर आपले पत्र वाचले. माझी झोप उडाली, तिची मात्र अजून उडालेली नाही.

१. आपल्या कार्यालयाचा नियम असा आहे की तेज चढले की काम सुरू आणि तेज उतरले की काम संपले. हा नियम भडकणाऱ्या ताऱ्यांसाठी केला होता. ते बिचारे एकदा भडकतात, विझतात आणि फाईल बंद होते. आमचा तारा भडकलेला नाही. तो फार दूर आहे, शांत आहे, त्याने कोणाचे काही केलेले नाही. त्याच्या आणि आपल्या मधून दुसरे कोणीतरी चालले आहे. त्या कोणाच्या तरी गुरुत्वाने दूरच्या ताऱ्याचे किरण वाकले आणि भिंगातून यावेत तसे आपल्याकडे गोळा होऊन आले. म्हणून तो उजळला. हे मी घरी आत्याला सांगितले तेव्हा ती म्हणाली, म्हणजे बाई, दारावरून कोणी तरी गेले, ते दिसले नाही, पण आतली ज्योत मोठी झाली. आत्याने भौतिकशास्त्र घेतलेले नाही. तिच्या वाक्यात मला एका अक्षराचीही दुरुस्ती सुचली नाही.

२. दारावरून गेलेले ते ‘कोणी’ एक नसून दोन आहेत, असा माझा दाट संशय आहे. दोन बारक्या तारकांची जोडी. सूर्यासमोर दोघी मिळूनही हलक्याच भरतील. त्या इतक्या मंद आहेत की आपल्या दुर्बिणीलाच काय, कोणाच्याही दुर्बिणीला दिसत नाहीत. एकीभोवती दुसरी, दुसरीभोवती पहिली, जशा एका अंगणात नांदणाऱ्या जावा: हिचे पाऊल तिकडे, तिचे पाऊल इकडे, आणि दोघींत मिळून एक वाट. अशा जोडीमागून तारा जातो तेव्हा त्याचे तेज एकदा टोकदार चढते, मग उतरते आणि पुन्हा एकदा टोकदार चढते. पहिले टोक गेल्या आठवड्यात आले. सध्या आपण मधल्या खळग्यात आहोत. कार्यालयाने या खळग्यालाच शेवट समजले आहे.

३. दुसरे टोक येणारच, असे मी कशाच्या जोरावर म्हणते, असे आपण विचारले होते. महोदय, त्या जोडीच्या गुरुत्वाने आकाशात एक अदृश्य कुंपण आखले जाते. त्याची रेघ ओलांडताना तेज उसळते. हे कुंपण सगळीकडून बंद असते. त्यात शिरलेल्याला बाहेर पडताना रेघ ओलांडावीच लागते. त्याला मागचे दार नाही, वशिल्याची खिडकीही नाही. तारा अजून आतच आहे. तेज उतरले तरी मूळ तेजाच्या तिप्पट आहे. नुसते उतरणे म्हणजे संपणे नव्हे. आपला जिना उतरताना मधल्या वळणावर कोणी थांबले तर आपण त्याला घरी पोहोचला असे म्हणत नाही.

४. हीच नोंद पुढील वर्षी याच आठवड्यात घ्यावी, अशी सूचना आपण केली आहे. ती त्या दोघींना कळवायला मला आनंद झाला असता, पण त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही. ही जोडी या ताऱ्यासमोरून आज जाईल आणि पुन्हा कधीच येणार नाही. दुसरे टोक हुकले तर दोघींपैकी कोणाचे वजन किती आणि दोघींत अंतर किती, हे मला सांगता येणार नाही. त्या होत्या एवढेच कळेल. आणि मग कोणीही उठून म्हणेल की दोन कशावरून, एकच असेल.

५. ‘न दिसणाऱ्या वस्तूच्या निरीक्षणासाठी दिसणारा घुमट अडवता येणार नाही,’ हे आपले वाक्य मी घुमटात सर्वांना वाचून दाखवले. सर्वांना म्हणजे रंगारीकाकांना. ते म्हणाले, साहेबांना सांगा, मी भिंतीवर पहिला हात देतो तोही शेवटी दिसत नाही, पण नसला तर वरचा रंग पापुद्रे धरतो. मग खाली उतरून त्यांनी संगणकावरचा आलेख बघितला. बराच वेळ बघितला. पहिल्या टोकावर बोट ठेवून विचारले, ही थोरली का धाकटी? मी म्हटले, तेच तर बघायचे आहे. त्यावर त्यांनी डबा झाकला, ब्रश पाण्यात उभा केला आणि मला ऐकवले की एवढे कोडे घालून मला रंग लावायला सांगता, भिंत वाकडी होईल.

६. हा अर्ज मी सौम्य शब्दांत लिहिणार होते. तेवढ्यात पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूच्या वेधशाळेतून मैत्रिणीचा फोन आला. तिकडे पहाट होते तेव्हा आपल्याकडे उन्हे उतरतात. ती आधी ओरडली आणि मग बोलली: अगं, चढायला लागलंय! माझ्याकडे आता उजाडतंय, मला टोक मिळायचं नाही, पुढचं तुझं. मी तिला घुमट रंगाला दिला आहे असे सांगितले. तिने जे उत्तर दिले ते या अर्जात लिहिता येण्याजोगे नाही, परंतु त्यात आपल्या पदनामाचा उल्लेख होता.

तरी विनंती की परवानगी द्यावी. शिपायाकरवी कळवल्यास ती टेकडी चढून येईपर्यंत अंधार पडेल, म्हणून रंगारीकाका आणि मी गाठी सोडायला सुरुवात केली आहे. हा कार्यालयीन शिस्तीचा भंग आहे, हे मला मान्य आहे. परवानगी नाकारायची असल्यास आपण कृपया स्वतः वर यावे. वरच्या फळीला तिसरा माणूस लागतो.

आपली, परांचीच्या तिसऱ्या पायरीवरून, नम्र
(सही)
निरीक्षक, मोठी दुर्बीण
दिनांक : आजचाच, उद्याचा चालणार नाही.

सोबत :
१. तेजाचा आलेख. उजवीकडचा भाग मुद्दाम कोरा ठेवला आहे.
२. रंगारीकाकांची संमती, त्यांच्या हस्ताक्षरात. वरचा डाग पांढऱ्या रंगाचा आहे, वाळला आहे.
३. हातमोज्यांचा एक जोड. आपल्या मापाचा असावा.