कानामागची दोन टिंबं

प्रिय धाकट्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पाच महिने लागले, राग मानू नकोस. आधी चष्मा फुटला, मग नवा आला तर त्यातून ओळी वाकड्या दिसायला लागल्या. खरं सांगायचं तर चष्मा हे निमित्तच. तीनदा लिहायला बसलो, तीनदा कागद फाडला. तू घर बदललं असशील तर हे भलत्याच्याच हाती पडेल, याचीही धास्ती आहे.

तुझी वहिनी बरी आहे, गुडघे सोडून. परवा तिने माझी जुनी छिन्नी शोधून काढली आणि शिवणयंत्रातला मळ खरवडला. छिन्नी पाहून टांकसाळीतली आपली खिडकीजवळची जागा आठवली. मी स्वतः सातवीत शाळा सुटलेला, तरी साहेबांच्या हातापाया पडून तुला तिथे चिकटवला. ठसा कोरताना श्वास कसा धरायचा ते शिकवलं. कोरून झाला की चेहऱ्याच्या कानामागे बारीक टिंब द्यायचं, म्हणजे नाणं बिघडलं तर ठसा कुणाचा ते कळतं. माझं एक, तुझी दोन. हे आपल्या दोघांना आणि मुकादमाला, एवढंच ठाऊक.

मग नेत्याचा वाढदिवस आला. त्याच्या चेहऱ्याची नाणी आठवडाभरात हवी होती. तुझा ठसा दमला होता, नवा करायला पोलाद नव्हतं आणि वरून घाई. ठशाला तडा गेला, हजारो नाण्यांवर नेत्याच्या गळ्यावर आडवी रेघ उठली. बाजारात लोक नाणं पुढे करून म्हणायचे, घ्या, गळा चिरलेला घ्या. भाजीवालीसुद्धा पदर तोंडाला लावायची. आपल्याला मात्र दरदरून घाम फुटला.

चौकशीवाल्यांनी भिंगातून दोन टिंबं शोधली. मला विचारलं तेव्हा तुझी बायको पोटुशी होती. मी म्हणालो, माहीत नाही. तीन दिवस तेच म्हणालो. मुकादमानेही कानांवर हात ठेवले. तरी शिक्षा मलाच झाली. वाटलं, वयाने मोठा म्हणून धरला असेल. तू दर महिन्याला साबण घेऊन यायचास, जाळीपलीकडे रडायचास आणि मीच तुला समजवायचो. दोन वर्षं आठ महिने त्या साबणाच्या वासावर काढले. सुटलो तेव्हा हात थरथरायला लागला होता, छिन्नी पुन्हा धरता आली नाही. त्याचंही फार वाटलं नाही. भाऊ वाचला होता.

आता तो नेता गेला, त्याची नाणी वितळवताहेत आणि जुन्या फायली उघडल्यात. दोन महिन्यांपूर्वी पेन्शनच्या कामासाठी गेलो, तर कचेरीतल्या मुलीने माझी फाईल पुढे केली. पहिलंच पान तुझ्या अक्षरातलं. त्यावर लिहिलेलं, दोन टिंबं माझ्या थोरल्या भावाची. तारीख मला बोलावलं त्याच्या आदल्या दिवसाची. मुलगी म्हणाली, आजोबा, पाणी देऊ का.

घाबरून लिहिलं असशील. मीही घाबरलोच होतो. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून तेही गिळलं असतं. पण गेल्या आठवड्यात पेपरात तुझा फोटो आला. हुकूमशहाचा गळा चिरणारा शूर कारागीर म्हणून तुझा सत्कार आहे, आणि तू सांगितलंस की ती दोन टिंबं तुझी. तुरुंग होता तेव्हा माझी, हार आले तेव्हा तुझी. आणि शूर कोण होतं रे? पोलाद नव्हतं, एवढंच.

मुकादम वारला, म्हणून सत्काराआधी खात्री करायला सरकारने मलाच कागद धाडलाय. टिंबं कुणाची, वीस तारखेपर्यंत लेखी कळवा. मी खरं लिहिलं की तुझा हार पक्का. खोटं आता मला जमणार नाही, तेव्हा माहीत नाही म्हणालो तेवढं पुरे. पण तुझी एक ओळ येईपर्यंत तो कागद कोराच राहील. सरकारसाठी नको, माझ्यासाठी लिही, की ती टिंबं तुझी होती हे, माझं नाव लिहून दिलंस त्या दिवशीही तुला माहीत होतं. टपाल उशीर करतं, तेव्हा आजच टाक.

तुझाच,
दादा