बशी धरलेला हात

मंगळवार, संध्याकाळ. नाहूर.

रविवारी सकाळी हे बशीत चहा ओतायचे. अर्धा स्वतः प्यायचे आणि उरलेली बशी टॉफीपुढे धरायचे. मी म्हणायचे, "कुत्रीला कोणी चहा देतं का?" हे म्हणायचे, "कुत्री कुठली, पार्टनर आहे माझी."

हे जाऊन दोन वर्षं झाली. टॉफी गेल्या आठवड्यात गेली. तिच्या डॉक्टरांना दवाखान्यात लावायला फोटो हवाय, म्हणून बशीकडे बघणाऱ्या टॉफीच्या फोटोतलं नको ते कसं पुसायचं, ते नेहाने आज फोनवर शिकवलं. "आई, कोपऱ्यातला तो हात काढ ना. बोटाने घास, आपोआप जाईल."

तो हात. पोरीला बाबांचा हात ओळखू आला नाही? की आला, आणि बोलली नाही? कॅमेरा दिसला की हे बाजूला व्हायचे. शेवटच्या वर्षांतले हे एवढेच उरलेत, मनगट, घड्याळ आणि बशी.

घासलं. हात गेला, बशी गेली, तिथे भिंत आली, अगदी जुळणाऱ्या रंगाची. मला काहीच वाटलं नाही. रडू यायला हवं होतं का? टॉफी मात्र अजून मान वर करून तिथेच बघत होती. भिंतीकडे, चहासाठी.

तो तसाच वेगळा ठेवला. मूळ फोटो पुन्हा उघडला, त्यात हात होता. तेव्हाही काही वाटलं नाही.

डॉक्टरांना भिंतीचा पाठवायचा. हाताचा नेहाला, पण कागदावर छापून, म्हणजे घासता येणार नाही. खरी बशी कोणालाच नाही. ती माझ्याकडे.