ऑपरेशनला कोण बाळंतपण करतंय

आई, गल्लीतल्या कुत्रीचं ऑपरेशन करून आणलं मी. तू असतीस तर आधी कपाळाला हात लावला असतास, "मान्सांचं सरंना आन् कुत्र्याचं काय घिऊन बसलीस," म्हणाली असतीस, आणि अर्ध्या तासाने हळूच येऊन तिच्याकडे बघून गेली असतीस. तुझी ही खोड मला ठाऊक आहे. रंगाने तांबडी, एक कान मोडलेला, मंगळवार पेठेतल्या आपल्या पायरीवर तिचा गेली पाच वर्षं मुक्काम. तिला नाव नाही, जो तो आपापल्या परीने हाक मारतो. वर्षातून दोनदा व्यायची, सहा-सात पिल्लं घालायची, आणि त्यातली निम्मी गाड्यांखाली जायची. या खेपेला शेवटचं पिल्लू गेलं तेव्हा ती दोन दिवस त्या जागेला हुंगत बसली होती. मला बघवेना. मग बिस्किटाचं आमिष दाखवून तिला रिक्षात घातली आणि जनावरांच्या दवाखान्यात नेली. लिहायला बसले की मी गेले-आले लिहिते बघ, तोंडात मात्र अजून आपल्याकडच्या बायकांचं गेलो-आलोच आहे. सून हसते. हसू दे.

डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची पोरगी, बोलायला फटकळ. गर्भपिशवी काढली आहे, पोटावर टाके आहेत, दहा-बारा दिवस घरात ठेवायची, भिजू द्यायची नाही, उड्या मारू द्यायच्या नाहीत, टाके चाटू द्यायचे नाहीत, असं तिने मला दोनदा बजावलं. चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा अडकवून दिला. तो भोंगा घेऊन ती बिचारी दारात अडकायची, भिंतीला धडकायची, ताटलीपर्यंत तिचं तोंड पोचायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तर कोपऱ्याकडे तोंड करून नुसती उभी राहिली. मी भोंगा काढून टाकला. टाके चाटायचीच भीती ना, मग त्याला माझ्याकडे आपला घरचा उपाय होता. ट्रंकेतून तुझं जुनं इरकली लुगडं काढलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, त्याची लांब पट्टी फाडली आणि तिचं पोट आवळून बांधलं. बाळंतिणीचं बांधतात तसं, तीन वेढे देऊन, गाठ कुशीवर. तेवढ्यावर थांबले असते तर तुझी लेक कसली? ओव्याची धुरी दिली. डिंकाचा अर्धा लाडू दुधात कुस्करून घातला. तिने तो चाटूनपुसून खाल्ला आणि मला वाटलं, जमलं आपल्याला.

हे सगळं माझे हात आपणहून करत होते, कारण ते तुझ्याकडूनच शिकलेत. माझं पहिलं बाळंतपण आठवतं. मी बाजेवर आडवी आहे, तू बाजेच्या कडेला गुडघा रोवून पट्टी ओढतेस. "मेलो की गं आई," मी म्हणते. तू म्हणतेस, "वरड. आत्ता वरडलीस तर चालंल, म्हातारपणी कंबर धरून वरडू नगंस." मी सहज विचारलं, तुझं कुणी बांधलं होतं? गाठ मारता मारता तू म्हणालीस, "तुमा दोघींच्या वक्ताला माझ्या आईनं बांधलं. ऑपरेशनच्या वक्ताला न्हाय. ऑपरेशनला कोण बाळंतपण करतंय?" असं म्हणून हसलीस, आणि मला लाडू आणायला आत गेलीस.

आपल्याकडे बाईचं ऑपरेशन म्हटलं की कसलं हे विचारावं लागत नाही. मूल बंद करायचं. दोन पोरींवर तू ते करून आलीस, शेजारणीला सोबत घेऊन, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. मी तेव्हा दहा वर्षांची होते. घर चालायचं आत्तीच्या शब्दावर, आणि आम्हां पोरींचा बाप असून दादा आपल्या थोरल्या बहिणीसमोर कधी तोंड उघडायचे नाहीत. "वंश बुडवून आली," एवढंच आत्ती दारात म्हणाली आणि तिने तुझ्याशी बोलणं टाकलं. तू मागच्या खोलीत घोंगड्यावर पडून होतीस. चौथ्या दिवशी म्हैस धारेला अडून बसली. आत्तीला ती पान्हा सोडेना, लाथ मारून तिने बादली उलटी केली, आणि दुधाची गिऱ्हाइकं दारात उभी. तू भिंतीला धरून आलीस. म्हशीखाली उकिडवी बसलीस, बादली गुडघ्यांत धरलीस, तिच्या मांडीला डोकं टेकलंस, आणि धार लागली. मी बघते आहे म्हटल्यावर म्हणालीस, "म्हशीला काय कळतंय गं ऑपरेशन." उठलीस तेव्हा लुगड्यावर रक्ताचा डाग होता. टाका उसवला होता. तिथून पुढे जन्मभर तू डाव्या कुशीला हात लावूनच उठायचीस.

आता कळलं ना मी कुत्रीचं पोट का बांधलं ते? पण पुढचं ऐक. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठेना. पट्टी सोडली तर पोट सुजलेलं, टाक्यांतून पाणी येतंय, कातडी ओली आणि लालभडक, अंग तापलेलं. मी हात लावायला गेले तर ती गुरगुरली नाही, नुसती मागे सरकली. चावली असती तर बरं वाटलं असतं मला. तशीच उचलून रिक्षात घातली. डॉक्टरणीने पट्टी हातात धरून बघितली.

"काकू, हे काय बांधलंसा?"

"पोट."

"ही काय बाळंतीण हाय व्हय? टाक्याला हवा लागाय पायजे, तुमी आवळून कोंडून घातलंय. आन् खायाला काय दिलंसा?"

मी लाडवाचं सांगितलं.

"धुरीबी दिली असंल."

"दिली की."

तिला क्षणभर हसू आलं, मग ते गेलं. म्हणाली, आत पू धरायला लागलाय. इंजेक्शन देते, पण दोन दिवसांत ताप उतरला नाही तर पुन्हा भूल देऊन टाके उघडावे लागतील, आणि तेवढं सोसायची ताकद हिच्या अंगात राहिली असेल की नाही, सांगता येत नाही. इंजेक्शन होईपर्यंत मी तिचं डोकं धरून उभी राहिले.

ते दोन दिवस मी तिच्याजवळून हलले नाही. शिलाई मशीनवर बसून जुन्या परकराचं एक सैल झबलं शिवलं, पाठीवर बंद लावून, म्हणजे टाक्यांना हवा लागेल आणि तिला चाटताही येणार नाही. औषधाची गोळी भाकरीच्या मऊ पापुद्र्यात लपवली, ती तिने बाहेर काढून ठेवली; पुन्हा लपवली. "गप पड की बाई, चुकलं माझं," असं मी तिला कितीदा म्हटलं असेल. खरंच चुकलं होतं. तुझं राहून गेलेलं बाळंतपण मी तिच्यावर करत होते, तिला काय सोसतंय ते बघितलंच नव्हतं. तू तुझी ठरवून गेली होतीस, हिला तर मी फसवून नेली होती. निदान तिच्या वेदनेत तरी आपली हौस घालायला नको होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचं अंग निवलं. थोड्या वेळाने ती झबल्यासकट उठली आणि खिडकीतल्या मांजरावर भुंकली. मी तिथेच भिंतीला टेकून रडले. सून चहा घेऊन आली आणि कप ठेवून गेली.

काल टाके काढले. परत आले तेव्हा समोरची म्हणाली, "वैनी, लई केलंसा तुमी. पोटच्या पोरीनं आईचं करावं तसं केलंसा." मी "व्हय की" म्हणाले आणि आत येऊन हा कागद घेतला. याला पत्ता नाही, आणि असता तरी मी तो टपालात टाकला नसता. कारण तुझ्या त्या आठवड्याचं कुणाला सांगायची वेळ आली की मी सगळं आत्तीवर ढकलते. आत्ती मला तुझ्या खोलीत जाऊ द्यायची नाही, असं मी माझ्या लेकीलाही सांगितलंय. आत्तीने मला कधीच अडवलं नव्हतं. मला भाऊ पाहिजे होता, आणि तू तो बंद करून आलीस म्हणून मीच तुझ्यावर रुसले होते. तुझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आपण दोघीच होतो. तू आतून दोनदा पाणी मागितलंस. मी बाहेरच्या सोप्यात काचाकवड्या खेळत बसले होते. मला ऐकू आलं होतं.