डावीकडचं व्हायोलिन

अण्णा,

रविवारपासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितेय. हे तुमच्या हातात देईन की नाही, कोण जाणे.

त्या दिवशी मी तुम्हाला प्रागच्या चौघांचं नवं रेकॉर्डिंग ऐकवलं. आजच्या चेक संगीतकाराचं स्ट्रिंग क्वार्टेट, चार तंतुवाद्यांचं. तुमच्या शिस्तीप्रमाणे पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद. माझे हेडफोन लावून, डोळे मिटून, घामाघूम होत तुम्ही बावीस मिनिटं ऐकलंत. मग म्हणालात, "मेघना, याला म्हणतात रेकॉर्डिंग! गज तारेला टेकायच्या आधीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पहिलं व्हायोलिन डावीकडे, चेलो उजवीकडे. चौघं समोर बसल्यासारखी!"

हेडफोन ठेवताना मी पाहिलं. डाव्या कानाची पिन सुटून वायर लोंबत होती. त्या बाजूला काहीच वाजत नव्हतं, अण्णा. आणि मी नुसतं "हो ना" म्हटलं.

मला ऐकायला तुम्ही शिकवलंत. आता तुम्हालाच कुठल्या तोंडाने सांगू? कानाच्या डॉक्टरांना दोनदा फोन लावला, दोनदा कट केला. पण रोज सकाळी तुम्ही माझ्या लेकीला, ऋग्वेदाला, स्कूटरवर मागे बसवून प्रभादेवीहून दादरच्या शाळेत नेता. डावीकडून एखादी बस घुसली तर?

शेवटी आज तिलाच सांगितलं, "मागून गाडी आली की आजोबांना ओरडून सांगत जा."

ती बुटाची लेस बांधत म्हणाली, "सांगतेच की रोज. उजव्या कानात."

तुमची,
मेघना